स्वप्नात प्राणी आला तर आधी काय टिपायचं

'साप दिसला तर अमुक, मांजर दिसली तर तमुक' अशा याद्या बाजूला ठेवा. त्यांत स्वप्न पाहणाऱ्याला जागाच नसते. एकाच्या घरी दहा वर्षं कुत्रा आहे, दुसऱ्याला लहानपणी कुत्रा चावलाय; दोघांच्या स्वप्नातला कुत्रा एकच कसा असेल?

ठसठशीत स्वप्नं बहुतेक वेळा रेम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या झोपेत पडतात. ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून उठण्याआधीचं स्वप्न सहसा जास्त भरीव असतं. जाग आली की कूस बदलू नका, फोनला हात लावू नका. दोन-तीन मिनिटं डोळे मिटून पडून राहा आणि शेवटच्या दृश्यापासून मागे मागे जा. मग उशाशी ठेवलेल्या वहीत वर्तमानकाळात लिहा: 'वाघ दारात उभा आहे'. दात घासून मग लिहू म्हणालात, तर तोवर मनाने गोष्ट नीटनेटकी करून टाकलेली असते आणि न जुळणारे तपशील गळून जातात. अर्थ लावायला लागतात ते नेमके तेच.

प्राणी केवढा, कोणत्या रंगाचा, धडधाकट की जखमी, किती अंतरावर? बघतोय कुठे? तो काय करतोय आणि तुम्ही काय करताय? चित्रही काढा, वेडंवाकडं चालेल. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1918 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णाच्या स्वप्नात खिडकीसमोरच्या अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे बसले होते. रुग्णाने काढलेल्या चित्रात मात्र पाचच आहेत. शेपट्या कोल्ह्यासारख्या झुपकेदार, कान कुत्र्यासारखे टवकारलेले, आणि सगळे न हलता त्याच्याकडे टक लावून. फ्रॉइडने त्या निश्चलतेला आणि रोखलेल्या नजरेला फार महत्त्व दिलं. वहीत नुसतं 'लांडगे, भीती' असं लिहिलं तर हे दोन्ही हातून जातं.

आता प्राण्याचं नाव मधोमध लिहा आणि भोवती मनात येतील ते पाच-सहा शब्द. स्वप्नांचा अभ्यास करणारा मानसोपचारतज्ज्ञ युंग याचा आग्रह असा की प्रत्येक शब्दानंतर परत प्राण्याकडे यायचं. साप, मग आजी, मग तिचं घर, मग वाटणीचं भांडण अशी साखळी लांबली की साप मागेच राहतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: तो प्राणी खरोखर कसा जगतो ते वाचा. समजा, स्वप्नात टेबलाखाली साप वेटोळं घालून बसलाय, डोळे दुधाळ आहेत आणि तुम्ही पाय वर घेतलेत. कात टाकण्याआधी सापाच्या डोळ्यांवर असाच पडदा येतो. त्याला नीट दिसत नाही, तो आडोसा धरतो आणि डिवचलं तर चटकन उसळतो. हे कळल्यावर प्रश्नच बदलतो. 'माझ्यावर कोण टपलंय?' याऐवजी 'माझ्यात काय बदलतंय, ज्याला सध्या कुणी हात लावू नये?' असं विचारता येतं.

शेवटी गेले दोन-तीन दिवस आठवा. स्वप्नातली भावना, म्हणजे पोटातला गोळा किंवा लाज, जागेपणी कुठे आली होती? 'हा बैल म्हणजे माझे साहेब' असं लगेच ठरवू नका. आपल्याला न जाणवणाऱ्या, म्हणजे अबोध मनातला बैल बऱ्याचदा आपलाच दाबलेला जोर असतो, आणि तो दुसऱ्याच्या नावावर टाकणं सोपं जातं. जो अर्थ फक्त तुमची पाठ थोपटतो, त्यावरही सहसा विश्वास ठेवू नये.

पाठलागाचं दुःस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर अर्थ शोधणं थांबवा. दिवसा ते लिहून काढा, तुम्हाला हवा तसा बदल करा आणि नवं रूप रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवा. अपघात किंवा अत्याचारानंतरची दुःस्वप्नं असतील तर हे मानसोपचारतज्ज्ञांसोबतच करा.

एका स्वप्नावरून निष्कर्ष काढू नका. दहा-पंधरा नोंदी झाल्या की त्यांतलं फक्त प्राण्याचं वागणं सलग वाचा: पहिल्या नोंदीत कुंपणाबाहेर गुरगुरणारा कुत्रा बाराव्या नोंदीत उंबऱ्यावर येऊन झोपलेला असू शकतो.