गोदामात युनियन बांधताय? या चुका टाळा

महिन्यातून दोनदा तरी असा फोन येतो. भिवंडीच्या कुठल्यातरी शेडमधून, बहुतेक रात्री अकरानंतर, शिफ्ट सुटल्यावर. "सर, आमच्याकडं युनियन करायचीय. आठ दिवसांत होईल का?" मी विचारतो, शेडमध्ये माणसं किती? "खूप आहेत सर." खूप म्हणजे किती? मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

तर पहिली चूक हीच.

माणसं न मोजता उडी मारणं

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अ‍ॅमेझॉनचं 'जेएफके ८' नावाचं अवाढव्य गोदाम आहे. तिथल्या पोरांनी २०२१ मध्ये युनियन हवी की नको याच्या मतदानासाठी अर्ज केला आणि सह्या कमी भरल्या म्हणून नोव्हेंबरात तो मागे घ्यावा लागला. गोदामात माणूस टिकत नाही, हे त्यामागचं दुखणं. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच वर्षी छापलं होतं की अ‍ॅमेझॉनमधल्या तासावर काम करणाऱ्यांची गळती वर्षाला सुमारे १५० टक्के आहे. म्हणजे जूनमध्ये सही करणारा दिवाळीपर्यंत दुसऱ्याच शेडमध्ये खोके उचलत असतो. त्या पोरांनी डिसेंबरात पुन्हा अर्ज भरला आणि १ एप्रिल २०२२ ला २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी जिंकले. इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या अ‍ॅमेझॉन गोदामात जीएमबी युनियनची हीच गत झाली. २०२३ मध्ये अर्ज केला, तर कंपनीकडचा कामगारांचा आकडा युनियनच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला आणि अर्ज मागे गेला. पुढच्या वर्षी मतदान झालं, तेव्हा हुकलं अवघ्या २८ मतांनी.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. शंभर पानी वही घेतो आणि गेटसमोरच्या टपरीवर बसतो. तीन रात्री, तिन्ही शिफ्टला. ठेकेदाराच्या बस किती आल्या, एका बसमधून किती उतरले. टपरीवाल्याला विचारतो, कटिंग किती जातात रोज? कॅन्टीन असेल तर चपात्या लाटणाऱ्या मावशींना गाठतो. एचआर काहीही सांगेल, चपात्यांचा हिशोब खोटा नसतो. आणि ही मोजणी दर महिन्याला नव्यानं. मागच्या महिन्याचा आकडा म्हणजे शिळी भाकरी.

इथं घाई करणारे मला सांगतात, "सर, नोंदणीला तर सातच जण लागतात ना?" लागतात. पण निदान १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद हवेत, हे पुढचं वाक्य ते वाचत नाहीत. आणि नोंदणी म्हणजे वाटाघाटीचा हक्क नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील आणि त्यातल्या एकटीलाच मालकासमोर बसायचं असेल, तर ५१ टक्के कामगार आपल्याकडं दाखवावे लागतात. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. फ्रेमवाल्याचा धंदा झाला, एवढंच.

आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग ओळख

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळं जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी माणकोली नाक्याच्या पुढच्या एका शेडमधली गोष्ट. कंपनीचं नाव नको. पत्र्याखाली उन्हाळ्यात उभं राहवत नव्हतं, पंखे फक्त सुपरवायझरच्या टेबलाजवळ. पोरं चिडलेली, आणि चिडायलाच हवं होतं. शनिवारी रात्री एकानं ग्रुप काढला, 'कामगार एकता', डीपीला मूठ. जो तो ओळखीच्याला अ‍ॅड करत गेला आणि मंगळवारपर्यंत दोनशेच्या वर माणसं झाली. मला फोन आला तेव्हा आवाजात नुसता उत्साह. मी म्हटलं, यातल्या किती जणांच्या खोलीवर तू गेलायस? तो म्हणाला, "सर, आता जमाना बदललाय."

बुधवारी पहाटे सहाच्या शिफ्टला गेटवर कार्ड लावलं, तर लाल दिवा. एकाचं नाही, चौदा जणांचं. ठेकेदाराचा माणूस बाहेर आला, अगदी गोड बोलला. "काढलं कुठं? इथलं काम संपलं, तळोज्याच्या साइटला पाठवतो ना." राहायला भिवंडीत, खोलीचं भाडं भरलेलं, आणि कामाला तळोज्याला. कोण जाणार? ग्रुपमध्ये एक टीम लीडर पहिल्या दिवसापासून होता. कुणीतरी त्याला 'आपलाच माणूस' म्हणून घेतलेला.

पण खरी गोची पुढं आहे. कामावरून काढल्याचं पत्रच नाही, मग भांडायचं कशावर? आणि त्या शेडमध्ये काम करत होतो याचा पुरावा काय? पगाराची स्लिप अ‍ॅपवर यायची आणि अ‍ॅपचं लॉगिन त्याच सकाळी बंद झालेलं. ओळखपत्र गेटवर जमा करून घेतलेलं. चौदांपैकी तिघांकडं बँकेचं पासबुक भरलेलं होतं, त्यात पगार जमा करणाऱ्या ठेकेदाराचं नाव दिसत होतं. पीएफच्या पासबुकावरून आणखी पाच जणांचं जुळलं. या आठांसाठी काहीतरी लढता आलं. ग्रुप काढणारा पोरगा उरलेल्या सहांत होता. पीएफचा यूएएन नंबर काय असतो हेच त्याला माहीत नव्हतं.

म्हणून आता मी कुणाचंही नाव वहीत घालण्याआधी त्याच्या खोलीवर जातो. चहा घेतो. आणि युनियनचं बोलण्याआधी त्याला मोबाइल काढायला लावतो. स्लिप उघड, स्क्रीनशॉट काढ, घरच्याच्या नंबरला पाठव. यूएएनचं पासबुक बघ, मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाच. ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो. याला अर्धा तास लागतो. दोनशे जणांना शंभर तास, हे गणित मांडून मला ऐकवणारेही भेटलेत. हो, लागतात. जेएफकेच्या समोर ती मंडळी बस थांब्यावर महिनोन् महिने तंबू टाकून बसत, घरचं शिजवलेलं जेवण वाटत. तिथल्यांनाही मोबाइल वापरता येत होता.

आणि रस्त्यापलीकडच्या 'एलडीजे ५' या गोदामात महिन्याभरातच त्याच युनियनचं मतदान झालं. ३८० बाजूनं, ६१८ विरोधात. झेंडा तोच, टी-शर्ट तेच. समोरचा विजय इकडं उसना आणता आला नाही.

'रेट' तोंडी ऐकून घेणं

टार्गेट किती, हे बहुतेक पोरांना टीम लीडरच्या ओरडण्यावरून कळतं. "तासाला दोनशे व्हायलाच पाहिजेत." कुठं लिहिलंय? कुठंच नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे की कोटा कामगाराला लेखी द्यायचा, आणि जेवणाची किंवा संडासची सुट्टी मारणारा कोटा चालणार नाही. तो लेखी न दिल्याबद्दल २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनला तिथं ५९ लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला. फ्रान्सच्या डेटा आयोगाने तर ३ कोटी २० लाख युरो लावले. तिथला स्कॅनर दोन वस्तूंमध्ये सव्वा सेकंदापेक्षा कमी वेळ गेला तरी चूक म्हणून नोंदायचा आणि दहा मिनिटं थांबला तरी नोंदायचा. म्हणजे हळू केलं तरी मेला, भरभर केलं तरी मेला.

आपल्याकडं तसा कायदा नाही, पण वही आहे. रोजचा रेट, थांबल्याबद्दल कोण काय बोललं, पाणी प्यायला किती वाजता सोडलं, तारीख घालून लिहा. २०२४ च्या उन्हाळ्यात मानेसरला अ‍ॅमेझॉनच्या गोदामातल्या एका कामगाराने सांगितलं की २४ फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिणार नाही, बाथरूमला जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. नेमकं सांगितलं: किती ट्रक, किती फुटी. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढंच म्हटलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. इथं मानवाधिकार आयोगाची नोटीस निघाली.

हमालांना 'ते वेगळे' म्हणणं

स्कॅनर हातात असलेला पोरगा डॉकवरच्या हमालाला आपल्यात धरत नाही. अरे बाबा, महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा, म्हणजे ओझी उचलणाऱ्यांचा कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी तो भांडून मिळवला. ज्यांची टोळी माथाडी मंडळात नोंदलेली आहे त्यांची मजुरी मंडळामार्फत येते, ठेकेदाराच्या मेहेरबानीवर नाही. तुझ्या शेडमध्ये संघटनेचं सगळ्यात जास्त कळणारा माणूस कदाचित तो पोत्यावर बसून तंबाखू मळणारा मुकादमच असेल. त्याला आधी जाऊन नमस्कार कर.

आणखी काही, थोडक्यात

सेलच्या आठवड्यात अचानक काम बंद करू नका. नव्या संहितेत १४ दिवसांची नोटीस लागते, नाहीतर संप बेकायदा आणि मालक खूश.

सत्तावीस मागण्यांचं पत्रक छापू नका. तीन पुरे. त्यात एक पंख्याची असू द्या.

बायकांना शेवटी बोलावू नका. रात्रीची बस आणि संडासला कडी, हे मुद्दे त्यांनीच मांडलेले बरे.

कोऱ्या कागदावर सही नाही. ठेकेदारालाही नाही, युनियनवाल्यालाही नाही. मलाही नाही.

पगार बुडाला तर फक्त ठेकेदाराच्या मागं धावू नका. ठेकेदाराने दिला नाही तर द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं घाला. त्यासाठी मूळ मालकाचं कागदावरचं नाव माहीत हवं. शेडवरच्या बोर्डावर जे रंगवलंय ते बरेचदा नसतंच.

व्हिडिओ व्हायरल करून युनियन होत नाही. व्हिडिओ काढणारा तेवढा दिसतो, तोही गेटच्या कॅमेऱ्यात.

आणि जिंकलात तरी वही बंद करू नका. कॅनडात क्यूबेकच्या लावाल इथं २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या एका गोदामात युनियन झाली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीनं त्या प्रांतातली सातही गोदामं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे १,७०० कायम कामगार गेले, आणि युनियनशी काही संबंध नाही असं कंपनीचं म्हणणं. हे मी नव्या पोरांना पहिल्याच चहाला सांगतो. काही जण दुसऱ्या चहाला येत नाहीत. जे येतात, त्यांच्यासोबत टपरीवर बसून बस मोजायला सुरुवात करतो.