जुन्या घरातला गॅस: या चुका टाळा

चवथीआधी गोव्यात माशेलला काकीकडे गेलो होतो. गॅसचा वास येतोय असं ती दोन दिवस म्हणत होती आणि घरातले सगळे ‘आम्हाला नाही येत’ म्हणून तिला गप्प करत होते. मी ओट्याखालचा तांदळाचा डबा ओढायला वाकलो आणि वास नाकात शिरला. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. उभ्याउभ्या हुंगून निकाल देऊ नका.

काकी ‘कुठून येतो बघूया’ म्हणत काडेपेटी घेऊन हजर! तिचा हात धरला, मागल्या पडवीतल्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. अशा वेळी दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावू नये. चालूही नको, बंदही नको, ठिणगी दोन्हीत पडते. रेग्युलेटर बंद करूनही वास राहिला तर सगळ्यांना बाहेर काढून १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

खरी भानगड भिंतीत होती. जागा वाचावी म्हणून सिलिंडर पडवीत आणि रबरी नळी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दीड फुटी भिंतीतल्या भोकातून आत. वास गेल्यावर ती ओढून काढली. दोन्ही टोकं नव्यासारखी, मधे मात्र चिऱ्याच्या खरखरीत कडेला घासून चीर पडलेली. वाकवली की तोंड उघडायची. साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायची युक्ती चांगलीच, पण भिंतीच्या पोटात फेस लावणार कसा? नळी भिंतीतून नेऊच नये, दीड मीटरपेक्षा लांबही नको. सिलिंडर बाहेरच हवा असेल तर एजन्सीच्या माणसाकडून तांब्याची पक्की लाइन टाकून घ्या. केशरी सुरक्षा ट्यूब, म्हणजे शेगडीला जोडायची ही नळी, पाच वर्षांनी बदलायची, दिसायला धड असली तरी. आणि तिला कापडी कव्हर कशाला? चीर झाकायला?

आता गोव्यातही पाइपचा गॅस येतोय. तो नैसर्गिक वायू, हवेपेक्षा हलका, वर चढतो. कौलांच्या फटींतून निघून जाईल, पण खाली पीओपीचं सीलिंग ठोकलं असेल तर तिथेच अडेल. वर झरोका ठेवा. शेगडी जुनी चालते. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, मात्र बदलून घ्यावे लागतात.