कमी दिवसांच्या बाळाला सर्फॅक्टंट देताना

सर्फॅक्टंट या फुप्फुसाच्या औषधाची कुपी महाग, म्हणून सगळ्यांचं लक्ष कुपीवर असतं. बाळाचं बरंचसं मात्र दोन गोष्टींवर ठरतं: औषध किती लवकर दिलं, आणि दिल्यानंतरच्या अर्ध्या तासात बाळाजवळ कोण उभं होतं.

फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. त्या ओलाव्याचा पृष्ठताण श्वास सोडताना त्यांना मिटवू बघतो आणि सर्फॅक्टंटचा स्निग्ध थर तो ताण उतरवतो. हा थर गर्भात साधारण २४व्या आठवड्यापासून बनू लागतो, पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला मिटलेले वायुकोश दर श्वासाला नव्याने उघडावे लागतात, आणि ते थकतं. हे कारण एव्हरी आणि मीड या संशोधकांनी १९५९ साली दाखवलं. जपानमध्ये फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून बनवलेलं औषध दहा बाळांना देऊन १९८० साली उपचाराची वाट उघडली.

उपचार आईपासून सुरू होतो. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार करणारं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, ६ मिग्रॅ स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण ४ डोस. प्रसूती लगेच होईल असं वाटलं तरी पहिला डोस चुकवू नये.

जन्मानंतर श्वास मिनिटाला ६०च्या वर, नाकपुड्या फुगणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं आणि कण्हणं यांकडे बघा. कण्हताना बाळ कंठ अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवत असतं. तेच काम सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलका हवेचा दाब देणारं यंत्र, करतो, म्हणून तो लगेच लावा. बबल सीपॅपमध्ये हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं टोक पाण्याखाली ६ सेंमी ठेवा, तेवढाच दाब बाळाला मिळतो. बुडबुडे थांबले तर दाब गळतोय: आधी नाकातले प्राँग्ज (छोट्या नळ्या), मग उघडं तोंड तपासा. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत हवं, कारण थंड पडलेल्या बाळाची ऑक्सिजनची गरज वाढते.

सीपॅपचा दाब ६ सेंमी असूनही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० ते ९४ टक्के ठेवायला ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल, तर सर्फॅक्टंट द्या. ५०-६० टक्क्यांपर्यंत वाट बघत बसणं ही आम्हाला सगळ्यात घातक सवय वाटते. तोवर रक्तातली प्रथिनं वायुकोशात झिरपतात आणि दिलेलं औषधही निकामी करतात.

सर्फॅक्टंट वेगवेगळ्या नावांनी मिळतं, म्हणून डोस काढताना औषधाचं नाव मोठ्याने वाचा. पोरॅक्टंट मिलिलिटरला ८० मिग्रॅ असतं. पहिला डोस किलोला २०० मिग्रॅ, म्हणजे २.५ मिलि. बेरॅक्टंट मिलिलिटरला २५ मिग्रॅ. डोस किलोला १०० मिग्रॅ, म्हणजे ४ मिलि. १,२०० ग्रॅमच्या बाळाला पोरॅक्टंट ३ मिलि लागेल, बेरॅक्टंट ४.८ मिलि. गफलत इथेच होते. कुपी फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हलकेच उलटसुलट करा, जोरात हलवू नका, नाहीतर फेस होतो.

बाळ स्वतः श्वास घेत असेल तर बारीक नळीने थेट श्वासनलिकेत औषध देण्याची पद्धत बरी. पण श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याचा सराव असलेल्यानेच ती करावी. टी-पीस (ठरावीक दाबाने श्वास देणारं साधन), मास्क आणि २.५ व ३ नंबरच्या श्वासनलिकेच्या ट्यूब हाताशी ठेवा. ५ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) फीडिंग ट्यूबवर टोकापासून दीड सेंमीवर खूण करा. सीपॅप चालू ठेवूनच लॅरिंगोस्कोपने (घसा बघायच्या दिव्याच्या साधनाने) स्वरतंतू बघा आणि खूण तंतूंपाशी येईपर्यंत नळी आत सरकवा. २०-३० सेकंदांत जमलं नाही तर थांबा. नळी धरून ठेवून औषध थोडं थोडं, १ ते ३ मिनिटांत द्या. बेरॅक्टंटचं प्रमाण मोठं, त्याला आणखी सावकाश. शेवटी नळीत उरलेलं औषध थोड्या हवेने पुढे ढकला आणि नळी काढा. हृदयाचे ठोके मिनिटाला १०० खाली गेले तर औषध थांबवून मास्कने श्वास द्या. नंतर जठरातल्या नळीतून सिरिंजने ओढून बघा: पांढरं औषध बरंच आलं तर औषधाची नळी अन्ननलिकेत गेली होती.

आता बाळाजवळून हलू नका. फुप्फुसं काही मिनिटांत मऊ होतात, सॅच्युरेशन ९५ ओलांडतं. ऑक्सिजन तसाच राहिला तर डोळ्यांच्या पडद्याला धोका, आणि व्हेंटिलेटरवरच्या बाळाचा दाब कमी केला नाही तर फुप्फुस फुटून छातीत हवा साठू शकते. दर दोन-तीन मिनिटांनी ऑक्सिजन उतरवत या. तातडीची गरज नसेल तर तासभर श्वासनलिकेतला स्राव ओढून काढू (सक्शन) नका.

सुधारणा झाली नाही तर लगेच दुसरी कुपी फोडू नका. अंधार करून छातीवर प्रखर प्रकाश धरा, एक बाजू जास्त उजळली तर तिथे हवा साठली असू शकते. ट्यूब असेल तर ती उजव्या फुप्फुसात गेली का बघा. जंतुसंसर्ग आणि हृदयदोषही तपासा. हे सगळं बघून झाल्यावरही ३० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन लागतच असेल, तर पोरॅक्टंटचा दुसरा डोस १२ तासांनी, किलोला १०० मिग्रॅ. बेरॅक्टंटच्या दोन डोसांत किमान ६ तास हवेत.