लाइन कोडिंगचे वेव्हफॉर्म न पाठ करता कसे काढायचे

मागं सोलापूरच्या पूर्व भागात एका ओळखीच्या काकांच्या कारखान्यात चादरीच्या मागावरची जॅकार्डची कार्डं, म्हणजे नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे, बघत उभा होतो. भोक असलं की हुक वर, नसलं की खाली, म्हणजे सरळ १ आणि ०. पण तिथं कार्ड पुढं सरकवायचं काम माग स्वतःच करतो म्हणून मोजणी चुकत नाही, वायरीत तसं नाही बघा, पलीकडचा रिसीव्हर आपल्याच घड्याळावर बिट मोजतो आणि लाइन बराच वेळ एकाच लेव्हलला पडून राहिली की शून्य आठ होते का नऊ हे त्याला कळत नाही. १ आणि ० साठी वायरीवर कुठली व्होल्टेज लेव्हल कधी द्यायची ह्याची पद्धत म्हणजे लाइन कोडिंग किंवा एन्कोडिंग, आणि कुठलंही काढताना आधी हेच विचारा, ह्यात रिसीव्हरला टाइम कुठून मिळतो?

आता वही घ्या, १ ० १ १ ० ० ० १ लिहा आणि प्रत्येक बिटला उभ्या तुटक रेषा आधी मारा, रेषा न मारता काढलं की हमखास चुकतं. एनआरझेड-एल (नॉन-रिटर्न-टू-झीरो लेव्हल) मध्ये १ ला एक लेव्हल, ० ला दुसरी, कुठली कुणाला ते पुस्तकागणिक बदलतं म्हणून कोपऱ्यात लिहून ठेवा. माझे परीक्षेत ह्यापायीच मार्क गेलेत.

एनआरझेड-आय मध्ये १ आला की लेव्हल बदला, ० ला आहे तशीच ठेवा. खालून सुरू केलं तर वर, वर, खाली, वर, वर, वर, वर, खाली. मधले तीन शून्य सपाट गेले ना, दुखणं तेच राहिलं.

मँचेस्टर नीट समजून घ्या, लई सुंदर आहे. प्रत्येक बिटच्या बरोबर मध्यावर उडी मारायचीच, आयईईई ८०२.३ ह्या इथरनेटच्या मानकाप्रमाणे १ ला खालून वर, ० ला वरून खाली. आधी सगळ्या मधल्या उड्या बाणानं काढा, मग जोडा. शेजारचे दोन बिट सारखे असले तर सीमेवर पण उडी लागते, वेगळे असले तर नाही. घड्याळ सिग्नलमध्येच आलं, पण लाइनवर दुप्पट बदल, १० एमबीपीएसच्या इथरनेटला २० मेगाबॉडपर्यंत, म्हणजे सेकंदाला २ कोटी लेव्हलपर्यंत, जावं लागतं. म्हणून १०० एमबीपीएसच्या फास्ट इथरनेटला, म्हणजे १००बेस-टीएक्सला, ४बी५बी वापरलं, ४ बिटांचे ५ करायचे, सलग शून्य जास्त येऊच द्यायचे नाहीत, १२५ मेगाबॉडमध्ये काम भागतं.

डिफरन्शियल मँचेस्टरमध्ये मधली उडी असतेच, ० असेल तर सुरुवातीला पण एक, १ ला नाही. बस.

एएमआयमध्ये (अल्टरनेट मार्क इन्व्हर्जन) ० म्हणजे शून्य व्होल्ट आणि १ ला आळीपाळीनं प्लस मायनस, आपली ओळ +, ०, −, +, ०, ०, ०, − अशी येते. सरासरी शून्याजवळ राहते म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून सिग्नल जातो, पण शून्यांची रांग तशीच. ह्यावर आपल्याकडच्या २.०४८ एमबीपीएसच्या ई१ ह्या टेलिफोन लाइनला एचडीबी३ नावाची युक्ती असते, सलग चार शून्य आले की त्यांची बदली करायची, त्यासाठी मागच्या बदलीपासूनचे प्लस-मायनस पल्स मोजा, विषम असले तर ०००व्ही, सम असले तर बी००व्ही. बी नेहमीसारखा आळीपाळीनं येतो आणि व्ही मुद्दाम आधीच्या पल्सच्याच चिन्हाचा, नियम मोडलेला दिसला की रिसीव्हर ओळखतो की इथं खरे शून्य होते. १ ० ० ० ० १ करून बघा, पहिल्या बदलीआधी एकच पल्स धरला आणि तो प्लस असला तर +, ०, ०, ०, +, − यायला पाहिजे, शेवटी प्लस आला असेल तर व्ही नेहमीच्या पल्ससारखा उलट चिन्हाचा धरलात.