स्त्रीबीज द्यायचं ठरवण्याआधी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांत आता टेस्ट ट्यूब बेबी केंद्रं आहेत. ज्या बाईची स्वतःची बीजं वापरता येत नाहीत, तिला तिथं दुसरीचं बीज लागतं. ते आपण द्यावं का, हा प्रश्न तुमच्यापर्यंत आला असेल तर होकार देण्याआधी एवढं करा.

१. विचारतंय कोण ते बघा.

बहुतेकदा ओळखीतलीच बाई विचारते. तिला यात काय मिळणार, हे तोंडावर विचारायला लाजू नका. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार बीजदात्या शोधणं, त्यांना तपासणं हे काम नोंदणीकृत एआरटी बँकेचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठी बीजं पुरवणाऱ्या संस्थेचं आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. ‘आधारवरचं वय आम्ही बघून घेतो’ असं कुणी म्हणालं की तिथून उठा. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या इरोडला सोळा वर्षांच्या मुलीचं बनावट आधार कार्ड करून तिची बीजं विकल्याचं प्रकरण उघड झालं. त्यात तिची आईच अटकेत गेली.

२. आपण बसतो का?

वय २३ ते ३५. आयुष्यात एकदाच देता येतं, आणि त्या वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग यांच्या तपासण्या होतात. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे पिढीतून येणारे रक्ताचे आजार असतील तर ते आपणहून सांगा. आपल्याकडं मामाच्या घरी मुली दिल्या जातात आणि नात्यातल्या लग्नांत असे आजार जास्त दिसतात, त्यामुळं ही चौकशी नुसती वरवरची समजू नका. पीसीओएस (बीजकोशात बारीक गाठी होऊन पाळी पुढंमागं होण्याचा आजार) असेल तर लपवूच नका. अशा बाईला इंजेक्शनांचा त्रास जास्त होऊ शकतो.

३. पैशाचं स्पष्ट करा.

बीज विकणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ५ ते १० लाख रुपये दंड आहे. मूल हवं असलेल्या जोडप्यानं तुमच्या नावे १२ महिन्यांचा विमा काढायचा असतो. पॉलिसीची प्रत इंजेक्शन सुरू होण्याआधी हातात घ्या. माझं मत विचाराल तर ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला म्हणून कुणी यात पडू नये. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकार बीड जिल्ह्यानं पाहिलेत. पैशाची नड असलेल्या बाईला ‘नाही’ म्हणणं किती जड जातं, हे इथं वेगळं सांगायला नको.

४. सही करण्याआधी.

संमतीपत्र मराठीत वाचून घ्या, नाहीतर मोठ्यानं वाचून दाखवायला लावा. होणाऱ्या मुलावर तुमचा कसलाही हक्क राहत नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं अशीच गोष्ट आली होती: बहिणीसाठी सख्ख्या बहिणीनं बीज दिलेलं, पुढं त्यातून झालेल्या मुलींवरून वाद झाला. बीज दिल्यानं आईपणाचा हक्क मिळत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. नवऱ्याशी आधीच बोला. इतके दिवस सुया टोचायच्या आणि घरात कुणाला कळू द्यायचं नाही, हे जमत नाही.

५. इंजेक्शनांचे दिवस.

साधारण दहा-बारा दिवस रोज पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, मधूनमधून योनीमार्गातून सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. ‘माझी बीजं संपतील का?’ हे जवळपास प्रत्येकीच्या मनात येतं. नाही संपत. दर महिन्याला बरीच बीजं वाढायला लागतात, त्यातलं एकच पिकतं, बाकीची जिरून जातात. इंजेक्शनं त्या जिरणाऱ्यांतली काही वाढवतात. मात्र नेमकी किती वाढतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून डोस किती आणि का तेवढाच, हे डॉक्टरांनाच विचारा. या दिवसांत नवऱ्यापासून लांब राहा, दिवस जाण्याची शक्यता असते.

इंजेक्शनांनी फुगलेला बीजकोश, म्हणजे बीजं जिथं वाढतात तो अवयव, पिळवटू शकतो. मोळी उचलणं, डोक्यावर हंडे, मोटरसायकलवर कच्च्या रस्त्यानं हिंदकळणं, सगळं बंद. दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचं असेल तर त्याच्या तोंडावर हे करू नका.

६. बीज काढल्यावर.

शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३५-३६ तासांनी भूल देऊन, योनीमार्गातून सुई घालून बीजं काढतात. त्याच दिवशी घरी सोडतात. निघताना डिस्चार्ज कार्ड घ्या. त्यावर किती बीजं काढली तो आकडा लिहिलेला हवा.

दोन-चार दिवस पोट जड वाटणं, थोडं रक्त जाणं चालतं. पण पोट टम्म फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा दम लागला, तर गावात सलाईन लावून घेत बसू नका. केंद्राला फोन करा. उचलला नाही तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई किंवा जे सरकारी मेडिकल कॉलेज जवळ असेल तिथं अपघात विभागात जा, आणि बीज दिलंय हे पहिल्यांदा सांगा.