परदेशात भाड्याची गाडी : काउंटरवर निघणारे सक्तीचे शुल्क आधीच कसे ओळखावे

परदेशात स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घेताना संकेतस्थळावर दिसलेला दर आणि किल्ली हाती पडण्यापूर्वी भरावी लागणारी रक्कम यांत मोठी तफावत निघते, हा अनुभव आता आपल्याकडील अनेक कुटुंबांना आलेला आहे. दर वेळी ती फसवणूकच असते असे नाही. बऱ्याचदा ते शुल्क अटींमध्ये लिहिलेले असते, फक्त दर जिथे ठळक अक्षरांत दिसतो तिथे ते नसते. म्हणून जास्तीचे पैसे मागितले गेले की पहिला प्रश्न हा विचारावा, की ही सक्ती कोणाची आहे : त्या देशाच्या कायद्याची, भाडे कंपनीच्या अटींची, की समोर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या आग्रहाची? कायद्याने लागणारी रक्कम टळत नाही. कंपनीच्या अटींमुळे लागणारी रक्कम बुकिंग करतानाच कळू शकते आणि पुष्कळदा टाळताही येते. निव्वळ आग्रहापोटी मागितलेली रक्कम देण्याचे कारणच नसते. ही छाननी घरी बसून करावी, कारण रात्रभराच्या प्रवासानंतर पेंगणारी मुले आणि सामान घेऊन काउंटरवर उभे असताना ती नीट होत नाही.

कायद्याच्या सक्तीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मेक्सिकोचे आहे. अपघातात दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा तिथे बंधनकारक आहे आणि तो मेक्सिकोतील विमा कंपनीचाच लागतो. अमेरिकेतील घरच्या गाडीचा विमा तिथे चालत नाही. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारे संरक्षण फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरते असते, त्यामुळे तेही या कामाला येत नाही. कानकूनसारख्या पर्यटनस्थळी दिवसाचे भाडे अगदी किरकोळ दिसते आणि काउंटरवर विम्याचीच रक्कम भाड्याहून जास्त भरते, त्याचे कारण हेच आहे. कोस्टा रिकातही स्थानिक थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. अशा देशांत गाडी ठरवताना सर्वांत कमी दर शोधू नये. ज्या दरात हा विमा धरलेला आहे असे स्पष्ट लिहिले आहे, तोच दर तुलनेला घ्यावा.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि मराठी कुटुंबांचा तिथे फार वेळा घोटाळा होतो, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. बुकिंग करताना संकेतस्थळ राहण्याचा देश विचारते. तिथे भारत निवडला, तर अनेक कंपन्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण (एलडीडब्ल्यू) आणि वाढीव थर्ड पार्टी विमा (एसएलआय) धरूनच दर दाखवतात. अमेरिका निवडली, तर तिथल्या रहिवाशाकडे स्वतःच्या गाडीचा विमा असणार असे गृहीत धरून या दोन्ही गोष्टी वगळलेला, म्हणून दिसायला स्वस्त असा दर समोर येतो. न्यू जर्सीतील मुलगा किंवा भाची ‘मी इथूनच बुक करते’ म्हणून प्रेमाने बुकिंग करून देते, ते नेमके या दुसऱ्या दराने होते, आणि पुण्याहून गेलेल्या चालकाला काउंटरवर दोन्ही विमे दिवसाच्या हिशेबाने विकत घ्यावे लागतात. ज्याच्या नावाने गाडी निघणार त्याने आपला देश खरा निवडून स्वतः बुकिंग करावे. उलट, अमेरिकेत राहणाऱ्यांनी भारत निवडून स्वस्तात पडण्याचा प्रयत्न करू नये, कारण हे दर बहुधा परदेशी परवाना दाखवणाऱ्यांसाठीच असतात आणि ते काउंटरवर रद्द होऊ शकतात.

अमेरिकेतील विमानतळांवर आणखी एक ओळ बिलात हमखास असते, ती म्हणजे कन्सेशन रिकव्हरी फी. विमानतळ भाडे कंपनीकडून तिच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, अनेक ठिकाणी १० टक्के, घेतो आणि कंपनी तो ग्राहकाकडून वसूल करते. वसूल केलेली रक्कमही पुन्हा उत्पन्नातच धरली जात असल्याने १० टक्के भरून काढण्यासाठी ११.११ टक्के लावावे लागतात, म्हणून बिलावर हा चमत्कारिक आकडा दिसतो. त्यात विमानतळावरील सुविधेचे दिवसागणिक शुल्क, नोंदणीखर्चाची वसुली आणि राज्याचा कर यांची भर पडते. फ्लोरिडात राज्याचा असा अधिभार दिवसाला २ डॉलर आहे. शहरातील शाखेतून गाडी घेतली तर विमानतळाशी निगडित शुल्क टळते, मात्र टॅक्सीचा खर्च आणि रविवारी शाखा उघडी असते का, या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्यात. चालक २५ वर्षांखालील असेल तर बहुतेक ठिकाणी रोज वेगळा अधिभार लागतो.

असे दर तुकड्यातुकड्यांनी उघड करण्याविरुद्ध काही देशांनी कारवाई केली आहे. कॅनडाच्या स्पर्धा नियामकाने एव्हिस आणि बजेट यांच्याविरुद्ध प्रकरण चालवले आणि २०१६ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर दंडावर तडजोड झाली. टाळता न येणारे शुल्क जाहिरातीतील दरात धरलेले नव्हते, हाच तिथे आक्षेप होता. युरोपातही ग्राहक संरक्षण यंत्रणांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांनी सर्व सक्तीचे शुल्क एकूण किमतीत दाखवण्याचे मान्य केले. अमेरिकेत मात्र १२ मे २०२५ पासून लागू झालेला छुप्या शुल्कांविरुद्धचा केंद्रीय नियम कार्यक्रमांची तिकिटे आणि अल्पकालीन निवास यांपुरताच आहे. भाड्याच्या गाड्या त्यात येत नाहीत. ग्राहकाने पहिल्याच पानावर पूर्ण किंमत पाहावी, हे अपेक्षित ठेवण्यात काहीच गैर नाही आणि तसे दाखवणाऱ्या कंपनीला थोडे जास्त भाडे देणेही मला योग्य वाटते.

बुकिंगच्या पानावर ‘रेंटल टर्म्स’ नावाचा बारीक अक्षरांतील दुवा असतो. तो उघडून ‘पेएबल ॲट पिक-अप’ किंवा ‘लोकल चार्जेस’ या मथळ्याखालचा मजकूर वाचावा. त्यातून काय भाड्यात आहे आणि काय तिथे भरायचे आहे ते समजते. मध्यस्थ संकेतस्थळावरून बुकिंग केले असेल, तर त्याच्या अटी आणि प्रत्यक्ष गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी अशा दोन्ही पाहाव्या लागतात, कारण काउंटरवर गाडी देणाऱ्या कंपनीच्याच अटी चालतात. त्यानंतर कंपनीला ई-मेल करून ‘या तारखांना, या चालकासाठी, कोणताही ऐच्छिक विमा न घेता काउंटरवर एकूण किती भरावे लागेल आणि डिपॉझिट किती अडवले जाईल’ असे विचारावे. आलेले उत्तर छापून जवळ ठेवावे.

काउंटरवर करार बहुधा टॅब्लेटवर दाखवला जातो आणि कर्मचारी पान वर सरकवत ‘इथे सही करा, आता इथे’ असे सांगत जातो. त्या वेळी हात आवरावा आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळीसमोरची रक्कम वाचावी. बुकिंगमध्ये आधीच असलेले संरक्षण वेगळ्या नावाने पुन्हा जोडलेले आहे का, प्रवाशांचा अपघात विमा (पीएआय), रस्त्यावरील मदत किंवा मोठ्या वर्गाची गाडी न सांगता घातली आहे का, हे तिथेच दिसते. ‘हे बंधनकारक आहे’ असे सांगितले गेले, तर ते कंपनीच्या कोणत्या अटीत आहे ते दाखवण्याची शांतपणे विनंती करावी. सही झाल्यानंतर मात्र बँकही फारशी मदत करू शकत नाही.

डिपॉझिट हे शुल्क नव्हे, पण त्यामुळेच अनेकांना नको असलेला विमा घ्यावा लागतो. युरोपात मूळ भाड्यात थर्ड पार्टी विमा आणि गाडीच्या नुकसानीचे संरक्षण बहुधा असते, तरी ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्या माथी राहते (याला ‘एक्सेस’ म्हणतात) आणि तेवढी मर्यादा क्रेडिट कार्डावर अडवली जाते. बाहेरून स्वस्तात घेतलेला एक्सेस विमा असला तरी कंपनी रक्कम अडवतेच, कारण तो विमा आधी भरलेले पैसे नंतर परत देतो. कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे, पुरेशा मर्यादेचे आणि शक्यतो क्रेडिटच असावे. फॉरेक्स कार्ड डिपॉझिटसाठी सहसा चालत नाही, आणि कार्ड नाकारले गेले की कंपनीचे पूर्ण संरक्षण घेण्यावाचून मार्ग उरत नाही. बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करून जावे. यंत्रावर रुपयांत भरण्याचा पर्याय आला तर तो नाकारून स्थानिक चलनच निवडावे. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्षाचा असतो आणि तो भारतातूनच काढून न्यावा लागतो.

युरोपात सीमा ओलांडताना हिशेब बदलतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा पास, लागतो, तो नसेल तर २०० फ्रँक दंड होतो आणि विन्येटची किंमत वेगळी भरावी लागते. जिनिव्हा आणि बाझेल येथील विमानतळांना स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. फ्रेंच बाजूची गाडी स्वस्त दिसते, पण तिच्यावर हा विन्येट असेलच असे नाही. जर्मनीत बर्फ किंवा निसरडे असताना हिवाळी टायर कायद्याने लागतात आणि कंपन्या त्यांचे वेगळे पैसे लावू शकतात. बारा वर्षांखालील आणि दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलांसाठी खास आसनही तिथे सक्तीचे आहे, तेव्हा आसनाचे रोजचे भाडे धरूनच दर पाहावा. दुसऱ्या देशात गाडी नेण्याची परवानगी आणि ती वेगळ्या शहरात सोडण्याचे शुल्क बुकिंगआधीच विचारावे.

न्यूझीलंडमध्ये रस्त्याचा कर पेट्रोलच्या किमतीत असतो, डिझेलच्या नसतो, म्हणून डिझेल गाडीला आणि कॅम्परव्हॅनला किलोमीटरमागे वेगळे पैसे पडतात. दुबईत ‘सालिक’ टोल गर्दीच्या वेळी ६ आणि इतर वेळी ४ दिरहॅम असतो, रात्री १ ते सकाळी ६ पर्यंत तो लागत नाही. कंपनी त्यावर आपला सेवाखर्च लावू शकते, आणि ५ टक्के व्हॅटही असतो. वाहतुकीचे दंड उशिरा नोंदले जात असल्याने तिथे डिपॉझिट सुटायला काही आठवडे जातात. ओमानला गाडी न्यायची असेल तर वेगळा विमा आणि कंपनीचे पत्र लागते.

गाडी परत करताना टाकी भरल्याची पावती आणि चारही बाजूंचे, टायरचे, काचांचे व मीटरचे फोटो ठेवावेत, आणि अंतिम बिल तिथेच मागून घ्यावे. इटलीत फ्लोरेन्ससारख्या शहरांच्या मर्यादित वाहतूक क्षेत्रात चुकून शिरल्यास कंपनी चालकाची माहिती पोलिसांना दिल्याबद्दल आधी स्वतःचे शुल्क कापते आणि प्रत्यक्ष दंडाची नोटीस नंतर येते. परदेशातील रहिवाशाला ती पाठवण्यासाठी तिथल्या यंत्रणेला ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणून करार, बिल आणि फोटो किमान वर्षभर जपावेत. करारात नसलेली रक्कम कापली गेली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि समाधान झाले नाही तर तीच कागदपत्रे जोडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहारावर लवकरात लवकर हरकत नोंदवावी.