जुन्या दूतावासाला नवी इमारत जोडायची, तर…

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या थीसिसला मी दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाचा विषय घेतला होता. चाणक्यपुरीतलं २८ एकरांचं आवार, त्यात एडवर्ड ड्युरेल स्टोन या अमेरिकन आर्किटेक्टची जुनी चॅन्सरी (दूतावासाची मुख्य कार्यालयाची इमारत), आणि तिच्या शेजारी नवी कार्यालयं बसवायची. अशा विषयांसाठी ज्युनिअर अजूनही विचारायला येतात, म्हणून लिहून ठेवतेय.

आत शिरता येणार नाही, हे आधीच धरून चाला. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार परवानगीशिवाय यजमान देशाचे अधिकारीही दूतावासात पाऊल टाकू शकत नाहीत. तिथे कॉलेजच्या पत्राला कोण विचारतो! बाहेरून फोटो काढायलाही जाऊ नका. इमारत झाली त्या काळी छापून आलेले प्लॅन आणि फोटो जमवा, आणि त्यांवरून अख्खी इमारत स्वतःच्या हाताने पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे, पण इमारत कळते ती तेव्हाच.

१९५९ च्या जानेवारीत ही चॅन्सरी सुरू झाली. उंच जोतं, समोर गोल तलाव, भोवती बारीक सोनेरी खांब, त्यांवर पुढे आलेलं सपाट छत. आत मधोमध पाण्याचं अंगण आणि त्याभोवती ऑफिसं. ऑफिसांच्या काचेपुढे टेराझोची, म्हणजे सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे घालून केलेली जाळी. सगळे या जाळीच्या प्रेमात पडतात आणि तीच नव्या भिंतीला डकवतात. मला ते मुळीच पटत नाही. सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद काढा. ऊन आधी छताने अडतं, उरलेलं जाळीवर, मगच काचेपर्यंत पोचतं. घ्यायचा असेल तर हा क्रम घ्या, नक्षी नको.

दुसरं म्हणजे जागा. ही इमारत समोरून, तलावापलीकडून बघायची आहे. सगळी मांडणी त्या एका अक्षावर. तिथे दुसरं काही उभं राहिलं की संपलं. म्हणून मी नवा भाग मागे, एका बाजूला सरकवला, त्याचं छत जुन्या छताच्या खाली ठेवलं आणि एक मजला जमिनीत उतरवून त्याला खोलगट बाग दिली. खरा वेळ गेला तो जोडावर. जुनी फरशी जोत्यावर, नवी जमिनीलगत. दोन्ही फक्त एकाच जागी टेकणार, तीही काचेच्या बोळाने, आणि व्हीलचेअरचा रॅम्प त्यातच बसवायचा. गाइड म्हणाले, थीसिस हाच आहे, बाकी सगळं ऑफिस प्लॅनिंग. बरोबरच होतं त्यांचं.

सुरक्षेची रेघ सगळ्यात आधी मारा. १९८३ च्या बैरुतमधल्या अमेरिकन दूतावासावरच्या स्फोटानंतर अमेरिकेने नव्या दूतावासांना शंभर फूट, म्हणजे साधारण ३० मीटर मोकळी जागा सोडायचं धोरण आणलं. ती रेघ मारली की मोठं वाटणारं आवार एकदम आक्रसतं. त्यातच व्हिसाला येणाऱ्यांचं दार वेगळं हवं. मे महिन्यात दिल्लीच्या उन्हात उभी असलेली रांग राजदूतापेक्षा महत्त्वाची, असं माझं मत. ज्युरीतल्या एकांना ते आवडलं नाही.

‘साठ-सत्तर वर्षांची इमारत वारसा कशी?’ हे ज्युरी विचारणारच. आपल्या पुरातत्त्व कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे आधुनिक इमारतींना त्याचा आधार मिळत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा १९७२ चा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल २०१७ मध्ये पाडला गेला, हे उदाहरण तोंडावर असू द्या.

केस स्टडीला लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमधली, आर्किटेक्ट सारिनेनची अमेरिकन दूतावासाची इमारत घ्या. दूतावास २०१८ मध्ये लंडनमध्येच नाइन एल्म्सला गेला आणि या जुन्या इमारतीत हॉटेल झालं. दर्शनी भाग राखला, आतलं बदललं. मग जोडकाम कशाला म्हणायचं यावर भांडायला मजा येते. न्यूयॉर्कच्या वाइस/मॅनफ्रेडी या आर्किटेक्ट फर्मचा दिल्लीच्याच आवारासाठीचा खराखुरा आराखडाही आहे. तो मात्र स्वतःचं मासिंग, म्हणजे इमारतीच्या आकारांची ढोबळ मांडणी ठरल्यावरच उघडा, नाहीतर हात तिकडेच वळतो.